बरणी माझ्याच दुकानातली, म्हणून हे पत्र

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यावर किराणा दुकान चालवतो, तीस-बत्तीस वर्षं झाली. तुमचा पेपर दुकानात रोज येतो, आधी मी वाचतो, मग ओट्यावरचे चार म्हातारे वाचतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातच पुड्या बांधल्या जातात, खोटं काहून बोलू. पत्र पहिल्यांदाच लिहून राहिलो, ते पण मोबाईलवर टाईप करून, तर चुका असतील त्या तुमच्या माणसाकडून सुधरवून घ्या.

विषय आहे लहान पोरांच्या दाताच्या किडीचा. तुम्ही म्हणाल किराणावाल्याला दाताचं काय पडलं. पडलं आहे साहेब, कारण ती कीड विकणाऱ्यातला मी एक आहे, आणि माझ्याच घरात माझी चार वर्षांची नात दीड महिना रात्री गाल धरून रडली.

झालं असं की पोरीचे वरचे समोरचे चार दात दोन वर्षांची असतानाच पिवळे पडायला लागले होते. आम्ही पाहत होतो पण कोणी मनावर घेतलं नाही. माझी बायको म्हणे दुधाचेच तर दात आहेत, पडतीलच. शेजारची बुढी म्हणे आमच्याही पोट्ट्यांचे असेच होते, मग चांगले आले. एका डॉक्टरला दाखवलं, दाताचा नव्हे साधाच, तर त्यानेही तेच सांगितलं की पडून जातील, दुखलं तर ही गोळी द्या. म्हणजे घरचे, शेजारचे आणि शिकलेले, तिघांचं एकमत. मग चौथ्या वर्षी ते चार दात हिरडीजवळून तुटून नुसते तपकिरी खुंट राहिले, जशा पऱ्हाट्या कापल्यावर वावरात खुंट राहतात तसे, आणि मागच्या दाढेत भोक पडलं. रात्री बारा-एकला उठायची, "आबाजी, दात दुखून राह्यला" म्हणून. लवंगाचं तेल लावलं. एकाने सांगितलं तंबाखूची चिमूट दाबून ठेवा, दुसऱ्याने सांगितलं बाजारात एक बाई येते ती भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन किडा काढते, ताटलीत पाडूनच दाखवते. तंबाखू मी लावू दिली नाही, तेवढी तरी अक्कल शाबूत होती. धुराकडे मात्र बायको नेणारच होती, सूनबाईने अडवलं.

दुसरी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही ती आता सांगतो. अंगणवाडीत पोरीचं वजन तीन महिने एकाच जागी अडकून होतं. सेविका ताई चांगल्या आहेत, त्या दर वेळी विचारायच्या काय खाऊ घालता, अंडं देता का, वरण देता का. आम्ही म्हणायचो सगळं देतो पण खातच नाही, पोळीचा घास तोंडात फिरवते आणि थुंकते, नखरे झाले आहेत. नखरे नव्हते हो, चावताच येत नव्हतं तिला. एकाच बाजूने चावायची, तीही बाजू गेली तेव्हा चहात बिस्कीट बुडवून तेवढंच गिळायची, आणि त्या बिस्किटाने दात अजून सडत होते. दर महिन्याला वजनकाट्यावर उभी राहणारी पोरगी, पण तिचं तोंड उघडून पाहायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

शेवटी पहाटेची एसटी धरून नागपूरला गेलो, मेडिकलच्या परिसरात जे शासकीय दंत महाविद्यालय आहे तिथे, लहान मुलांच्या दातांचा तिथे वेगळा विभागच आहे हे मला साठीला आल्यावर कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणजे माझ्या पोरीच्या वयाची पोरगी. तिने पोरीला खुर्चीवर न बसवता सूनबाईच्या मांडीवर आडवं केलं, ओठ वर केला आणि मला म्हणाली, "आजोबा, इकडे या, तुम्ही पण पाहा." खालचे समोरचे दात एकदम चांगले, मोत्यासारखे, आणि वरचे चारही संपलेले. म्हणाली हे पाहिलं की आम्हाला विचारावंच लागत नाही, पोरगी रात्री बाटली तोंडात घेऊन झोपत होती ना, गोड दूध?

झोपत होती. अडीच वर्षांची होईपर्यंत. दुधात साखर मीच टाकायचो, दुकानाची साखर, हात कशाला आखडता घ्यायचा.

तिने समजावलं ते असं. झोपेत तोंडात लाळ कमी सुटते. दिवसा ही लाळच तोंड धूत राहते आणि आंबटपणा मारते, रात्री ते काम जवळपास बंद. बाटलीतलं गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, खालच्यांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, ते साखर खातात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दाताचं वरचं कवच विरघळवतं. आणि दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दातापेक्षा पातळ असतं, म्हणून मोठ्या माणसाचा दात किडायला जितका वेळ घेतो त्याच्या कितीतरी आधी लेकराचा जातो. आईचं दूध बंद करा असं ती बिलकुल म्हणाली नाही, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर गावात उलटाच अर्थ निघतो. दात यायला लागले की शेवटचं पाजून झाल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि बाटली असेल तर ती तोंडात ठेवून झोपवू नका, एवढंच. मध्येच पाहिजे झाली तर साधं पाणी द्या.

ही "कीड" म्हणजे शब्दच आपल्याला फसवतो असं मला वाटतं. कीड म्हटली की आमच्या डोळ्यासमोर अळी येते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने या भागाची कंबर मोडली, तेव्हापासून तर जास्तच. म्हणून मग धूर द्यायचा, किडा पाडायचा, तंबाखूने मारायचा. दातात वळवळणारा असा किडा नसतोच, बाजारात ताटलीत पाडून दाखवतात तो हातचलाखीचा धंदा आहे. पण एका बाबतीत बोंडअळीची गोष्ट लागू पडते. बोंड वरून हिरवंगार दिसते आणि आतून खल्लास झालेलं असते, म्हणून आम्ही दर आठवड्याला दहा-वीस बोंडं तोडून फोडून पाहतो. तसं लेकराचा वरचा ओठ उचलून पाहायचा, महिन्यातून एकदा तरी, उजेडात. पहिल्यांदा भोक पडतच नाही. हिरडीला लागून दातावर एक पांढरी रेघ येते, पाटीवरचा खडू पुसल्यावर राहते तशी फिक्कट, बाकीचा दात चमकतो आणि तेवढा भाग चमकत नाही. ही रेघ दिसली तेव्हा काम फुकटात होते, नीट ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि मधलं गोड बंद, इतक्याने ती कीड तिथेच थांबू शकते. पिवळं-तपकिरी झालं आणि भोक पडलं की मग घरचा उपाय संपला. माझ्या नातीला ती पांढरी रेघ नक्की आली असेल, आम्ही तिचे शेकडो फोटो काढले पण ओठ एकदाही उचलला नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. डॉक्टरीणबाईने विचारलं की दिवसातून गोड किती वेळा खाते. मी म्हटलं फार नाही हो, एखादी गोळी, एखादं बिस्कीट. ती म्हणाली किती खाते ते नाही विचारत, किती *वेळा*. मी गप्प बसलो. घरी आल्यावर उधारीच्या वहीत मागच्या पानावर नातीच्या नावाने रेघा मारायला लागलो, तोंडात काही गोड किंवा चिकट गेलं की एक रेघ. सकाळी चहा-बिस्कीट, एक. अंगणवाडीत जायला निघताना गोळी, दोन. तिथून आल्यावर पोंगे, तीन. दुपारी बाप जेवायला आला त्याने गूळ दिला. मग दुकानात माझ्यापाशी खेळते तेव्हा बरणीतून एक, ती विरघळेपर्यंत अर्धा तास गालात. संध्याकाळी ओट्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी रुपया देते, "घे वं माय" म्हणून. परत चहा. रात्री दूध. त्या एका दिवसाच्या आठ रेघा झाल्या साहेब, आणि तो काही सणाचा दिवस नव्हता.

दरवेळी गोड खाल्लं की तोंडात आम्ल साधारण अर्धा तास दातावर काम करते, मग लाळ हळूहळू ते मारते आणि दाताला थोडं परत भरून काढते. आठ वेळा म्हटलं तर चार तास. चघळायची गोळी असेल तर आणखी जास्त, कारण ती संपल्यावर अर्धा तास सुरू होतो. दाताला दम घ्यायला फुरसतच मिळत नाही. मी दुकानदार माणूस, हिशोब पटकन डोक्यात शिरते. एकाच वेळी पाच गोळ्या खाल्ल्या तर दाताचं नुकसान एकदा, पाच गोळ्या तासातासाने एकेक खाल्ल्या तर पाचदा. आणि आम्ही लाडाने काय करतो, तर "एकच घे, बाकीच्या मग" असं शिकवतो! आम्हाला वाटते कमी दिलं.

म्हणून सण-वाराला मी घाबरत नाही. तान्हा पोळ्याला आमच्या गावची पोट्टी लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात, बोजारा गोळा करतात आणि तो सगळा पैसा संध्याकाळपर्यंत माझ्या गल्ल्यात येतो. वर्षातून एका दिवसाने कोणाचे दात जात नाहीत. पुरणपोळी जेवणात खाल्ली तर तीही चालते, जेवताना लाळ भरपूर सुटते आणि नंतर पाणी पिणं होतेच. गोड द्यायचंच असेल तर जेवणासोबत द्या, मधल्या वेळेत नको, एवढा एकच नियम मी आमच्या घरात लावला आहे आणि तो पाळायला सगळ्यात जास्त त्रास मलाच होतो.

अजून एक. गोळी-चॉकलेटलाच लोक गोड समजतात. पोंगे, चिप्स, मैद्याचं बिस्कीट, टोस्ट हे दाढेच्या खाचेत चिकटून बसते आणि तिथेच त्याची साखर होत राहते. खारं आहे म्हणून दाताला चालते असं नाही. लेकरांची खोकल्या-तापाची पातळ औषधंसुद्धा बहुतेक गोड असतात, रात्री झोपताना पाजलं तर वरून दोन घोट पाणी पाजा. आणि आजीने घास चावून किंवा चमचा आपल्या तोंडात घालून मग लेकराला भरवणं, ते पण बंद करा, मोठ्यांच्या तोंडातले जंतू तसेच लेकराच्या तोंडात जातात. हे मी घरात बोललो तेव्हा बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आयांना दोष देऊ नका ही माझी हात जोडून विनंती आहे. दसऱ्यापासून पार संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी चालते, बाई सकाळी डबा बांधून वावरात जाते ती दिवस मावळता येते, आल्यावर चूल, पाणी, भांडी. लेकरू दिवसभर आजीजवळ. आजीच्या गुडघ्यात दम नाही, लेकरू रडलं की पदराच्या गाठीतून रुपया-दोन रुपये सोडते आणि ते लेकरू माझ्या दुकानात येते. ते दोन रुपये म्हणजे आमच्या खेड्यातलं पाळणाघर आहे साहेब. रडणं थांबवायचं दुसरं साधन त्या म्हातारीजवळ नाही. तिला "साखर वाईट" असं भाषण देऊन काही होत नाही, तिला सांगायचं की आजी, रुपया द्यायचा तर जेवणाच्या वेळेला द्या, आणि संध्याकाळी झोपायच्या आधी माय दात घासून देईल त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

दात घासण्याबद्दल मात्र थोडं लांबण लावतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे.

पहिलं म्हणजे सकाळी घासतात, रात्री कोणी घासत नाही. मी स्वतः पन्नास वर्षं नाही घासले. पण दोन्हीपैकी जास्त गरजेचं रात्रीचं आहे, वर लाळेचं सांगितलंच. दुसरं, चार-पाच वर्षांच्या पोराच्या हातात ब्रश देऊन "जा घासून ये" म्हणतात, ते पोट्टं पेस्ट चाटते, ब्रश चावते आणि येते. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसानेच घासून द्यावं लागते. नागपूरला दाखवलं तसं मी आता रोज करतो, बाजेवर बसतो, पोरीचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड वर, एका हाताने ओठ बाजूला आणि दुसऱ्या हाताने ब्रश, लाईट नसली तर सूनबाई मोबाईलचा टॉर्च धरते. पहिले आठ दिवस तिने माझं बोट चावलं, रडली, लाथा मारल्या. आता स्वतःच येऊन आडवी होते आणि तोंड उघडते, पण मी मोजायला लागलो पाहिजे, वरची उजवी बाजू दहा, डावी दहा, असं. मोजायचं विसरलो तर तोंड बंद.

तिसरं म्हणजे पेस्ट. टीव्हीच्या जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी पेस्ट दाखवतात, ते पेस्ट खपवण्यासाठी आहे. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, बस. थुंकायला शिकवायचं, आणि थुंकल्यावर तोंड भरभरून चुळा भरायच्या नाहीत, थोडी पेस्ट दाताला राहिली तर तीच रात्रभर काम करते. हे ऐकून मी चाट पडलो, मी तर घंगाळभर पाण्याने चुळा भरणारा माणूस.

नागपूरहून आल्यावर मी दुकानातल्या सगळ्या पेस्ट आणि मंजनाच्या डब्या काउंटरवर उलट्या करून भिंगाने वाचल्या, इतकी वर्षं विकल्या पण मागची बाजू कधी पाहिली नव्हती. फ्लोराइड लिहिलेलं असते आणि पुढे आकडा असतो, 1000 पीपीएमच्या आसपास असलेली पाहिजे. कित्येक मंजनांमध्ये आणि काही पेस्टमध्ये फ्लोराइडचं नावच नाही. कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, तुम्ही आपापल्या घरची फिरवून पाहा. राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड ही तर कवच घासून काढते. दातांच्या मंजन-पेस्टमध्ये तंबाखू टाकायला सरकारने 1992 मध्येच बंदी घातली, पण बाया नस आणि गुडाखू असलं तंबाखूचंच मंजन घासतातच, आणि जवळ बसलेलं लेकरू पाहून पाहून बोट बुडवते. हे मी माझ्या ओट्यावर पाहिलं आहे.

इथे एक इशारा द्यावा लागतो. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी या बाजूला कित्येक गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे, चंद्रपूरकडेही आहे. तिथल्या पोरांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात, ती कीड नव्हे, तो फ्लोरोसिस. दात हिरडीच्या आत तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं की तसं होते, आणि नुसते दातच नाही, फार वर्षं प्यायलं तर हाडं-सांधेही धरतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. पाणी उकळून ते जात नाही. म्हणजे गंमत पाहा, पेस्टमधलं जे दाण्याएवढं दाताला वरून लावल्याने वाचवते तेच घागरीतून पोटात गेलं की बिघडवते. त्या गावच्या लोकांनी आधी पाणी तपासून घ्यावं, ग्रामपंचायतीला नमुना पाठवायला लावावं, आणि पेस्ट लेकराला गिळू देऊ नये, दाताच्या डॉक्टरला विचारून वापरावी. फ्लोराइड चांगलं की वाईट असं भांडण व्हॉट्सॲपवर चालू असते, दोन्हीकडचे लोक अर्धंच वाचून बोलतात.

"दुधाचे दात पडणारच" याचंही उत्तर देऊन टाकतो. पडतात, पण सगळे एकदम नाही. समोरचे सहा-सात वर्षांना पडतात, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे चार वर्षांच्या लेकराची दाढ किडली तर त्याला अजून सहा-आठ वर्षं तिच्यावरच पोळी चावायची आहे. आणि ती आधीच काढावी लागली तर बाजूचे दात त्या फटीत सरकतात, खालून येणाऱ्याला जागा राहत नाही, मग तो वाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते, ती कोणाच्या जागेवर येत नाही, कोणता दात पडत नाही म्हणून घरात कळतही नाही, आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. ती पक्की आहे, जन्माची. पहिलीत बसणाऱ्या पोरांच्या आईबापांनी बॅटरी लावून ती शोधावी. तिच्या खोल खाचा डॉक्टर एका लेपाने भरून देतात, न कोरता, न दुखता.

माझ्या नातीचं पुढे काय झालं ते पण सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल. समोरचे दोन खुंट काढावे लागले. दोन दाढांना एक चांदीचं औषध लावलं, त्याने कीड थांबते पण ती जागा काळीकुट्ट होते, सूनबाई घाबरली होती पण आधी सांगून सही घेऊनच लावलं. एका दाढेच्या नसेचं काम करून वर स्टीलची टोपी बसवली. चार चकरा झाल्या, प्रत्येक चकरेला सूनबाईची मजुरी बुडाली आणि माझं दुकान बंद. पोरगी मात्र खूष, गावभर तोंड उघडून "माह्यी चांदीची दाढ" म्हणून दाखवत फिरते. दीड महिन्यात वजन वाढलं. सेविका ताईंनी विचारलं काय खाऊ घातलं हो, मी म्हटलं काहीच नाही, तेच.

आता मागणी काय ती लिहितो, कारण पत्र लिहिलं तर मागणी पाहिजे असं ओट्यावरच्या मंडळींचं म्हणणं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात अंगणवाडीच्या लेकरांची वर्षातून दोनदा आणि शाळेच्या पोरांची एकदा तपासणी असते, दातांचीही. तपासणीची गाडी आमच्याकडे येते, येत नाही असं मी म्हणणार नाही. पण मागच्या वेळी ज्या दिवशी आली त्या दिवशी माझी नात मामाच्या लग्नाला दारव्ह्याला होती आणि ते आम्हाला नंतर कळलं. तारीख चार दिवस आधी समजली तर दवंडी मी स्वतः देतो, दुकानावर पाटी लावतो. दुसरं, लसीकरणाच्या दिवशी लेकरू आईच्या मांडीवर असतेच, वजन होतेच, तेव्हाच आशाताईने किंवा सिस्टरने ओठ उचलून पाहावं, दहा सेकंदाचं काम आहे, पैसा लागत नाही. तिसरं, दाताची शिबिरं खेड्यावर होतात ती म्हाताऱ्यांच्या कवळीची होतात, एखादं सहा वर्षांखालच्या लेकरांचं घ्या. आणि 15 ऑगस्ट, 26 जानेवारीला शाळेत जे चॉकलेट वाटतात ते वाटा, खुशाल वाटा, मी आधीच सांगितलं एका दिवसाने काही होत नाही.

राहिली माझी बरणी. लोक तोंडावर म्हणतात शेठ, तुम्हीच विकता आणि तुम्हीच पत्र लिहिता. बरोबर आहे. बंद केली तर पोट्टी चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातील, ते मी करून पाहिलं, आठ दिवसांत तेच झालं. म्हणून बंद नाही केली, काउंटरच्या कडेवरून उचलून मागच्या वरच्या फळीवर ठेवली, साखरेच्या पोत्याच्या बाजूला. आधी ती बरोबर चार वर्षांच्या लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर होती, मीच तिथे ठेवली होती, धंद्याची अक्कल म्हणून. आता तिथे मुरमुरे आणि हंगामात बोरं, पेरू, काकडी ठेवतो. फुटाणे-शेंगदाणे चार वर्षांखालच्याला देत नाही, घशात अडकतात. खप कमी झाला, दिवसाला चाळीस-पन्नास रुपयांचा फरक पडते. मोठ्या पोट्ट्यांना वरची बरणी दिसतेच, ते मागतात, देतो. लहान्याला दिसत नाही म्हणून ते मागत नाहीत, आणि आजीला पाहिजे असते फक्त रडणं थांबलेलं, तिला मुरमुरे चालतात.

पत्र फार मोठं झालं हे मला कळते, तुमच्याकडे जागा कमी असते. माझी नात, माझी बरणी, लग्न-बिग्न सगळं कापा, काही हरकत नाही. फक्त ओठ उचलून पाहायचं आणि तांदळाच्या दाण्याचं तेवढं राहू द्या.

आपला नम्र,
एक किराणा दुकानदार
ता. आर्णी, जि. यवतमाळ